पान अकरा, ओळ सहा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि नगरपालिकेचे माजी उपाध्यक्ष. ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आमचे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. पक्षभेद बाजूला ठेवून मुद्दाम आलेले माजी गृहनिर्माणमंत्री. समोर बसलेले आजी-माजी नगरसेवक, पत्रकार आणि पक्षाचे कार्यकर्ते. आणि उजवीकडच्या रांगांमध्ये बसलेली आमची सगळी गल्ली, म्हणजे जी आता नव्या इमारतीत राहते ती, आणि जी तिथे राहत नाही तीही. सहाव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर माझी आई बसली आहे. तिला वेगळा नमस्कार करतो, कारण ती दोन बस बदलून आली आहे.

मला भाषणाची सवय नाही. नऊ वर्षे मी दुसऱ्याने करायची भाषणे टंकलिखित करत आलो. म्हणून कागद हातात धरून वाचणार आहे.  

मघाशी निवेदकांनी 'साहेबांचे टंकलेखक' अशी माझी ओळख करून दिली. ती बरोबर आहे. गल्लीत मात्र मला दुसरे नाव आहे. तिथे मला 'काना' म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटते, याला एका डोळ्याने दिसत नसावे. तसे नाही. त्या शब्दात ण बाणाचा असतो. माझ्या नावात न नळाचा आहे. अक्षरापुढे जी उभी रेघ काढतात, ती म्हणजे काना. हे नाव मला कसे पडले ते सांगायला मी उभा राहिलो आहे. पण निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'साहेबांचे सभागृहातील कार्य' असा छापला आहे, आणि छापलेल्या शब्दाचा मला धाक वाटतो. म्हणून आधी कार्य.

साहेबांनी आमदार म्हणून वीस वर्षे विरोधी बाकांवर काढली. सत्ता एकदाही मिळाली नाही. या वीस वर्षांत त्यांनी घरे आणि नगरपालिका या दोन विषयांवर चारशे बारा प्रश्न विचारले. स्मरणिकेसाठी ते सगळे मलाच जुळवायचे होते, म्हणून आकडा ठाऊक आहे. मोजणी तीनदा केली. तिन्ही वेळा तेवढेच आले.

त्यातला एक प्रश्न सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांनी उत्तर दिले होते ते माजी मंत्री इथेच बसले आहेत, त्यांनाही आठवत असेल. आमच्या गल्लीतली इमारत राहण्यास योग्य आहे, असा अभियंत्यांचा अहवाल मंत्रिमहोदयांनी वाचून दाखवला. साहेब उठले आणि म्हणाले, "त्या इमारतीच्या जिन्याला पायऱ्या किती, एवढं मंत्रिमहोदय सांगतील का?"

मंत्रिमहोदय म्हणाले, "माहिती घेऊन पटलावर ठेवली जाईल."

"मीच देतो. पायऱ्या अठरा. त्यातली अकरावी नाही. तुमच्या अभियंत्यांनी अहवाल दहाव्या पायरीवर उभं राहून लिहिलेला दिसतो."

सगळे सभागृह हसले. मंत्रीही हसले, आत्ता हसत आहेत तसेच. पंधरा दिवसांत पायरी बसली. तोवर आम्ही सगळे, माझी आई आणि हातात भरलेल्या बादल्या घेतलेल्या बायका, दहावीवरून बारावीवर उडी मारत होतो. असा प्रश्न कोणाला सुचतो? जो स्वतः जिना चढून आला आहे, त्यालाच.

दुसरा प्रसंग पाण्याच्या टाकीच्या झाकणाचा. झाकण फुटले होते. नवे बसवायला आमच्या नगरपालिकेला वरून मंजुरी हवी होती, आणि त्यासाठी चौदा महिन्यांत सतरा पत्रे गेली. साहेबांनी ती सतराही पत्रे सभागृहात एका पाठोपाठ एक वाचून दाखवली, तारखांसकट. शेवटी म्हणाले, "झाकण बदलायचा अधिकार ज्या संस्थेला नाही, तिला स्थानिक खुशाल म्हणा. स्वराज्य या शब्दावर मात्र तेवढं झाकण घाला." ते वाक्य तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आले. एकात 'स्थानीक' छापले होते. मी पत्र पाठवले.

आता मी साहेबांकडे कसा आलो ते थोडक्यात सांगतो. नववीनंतर माझी शाळा सुटली आणि मी छापखान्यात मुद्रिते तपासायला लागलो. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, एवढेच काम. एक दिवस साहेबांचे पत्रक आले. त्यात 'रहीवासी' असे चार वेळा होते. मी चारही ठिकाणी 'हि' ऱ्हस्व केला. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः छापखान्यात आले.

"माझ्या मजकुराला हात कुणी लावला?"

मी म्हणालो, "मी. 'हि' पहिली असते."

"शाळा किती?"

"नववी. सुटली."

"सुटली की सोडलीस?"

"मी धरून होतो. तीच सुटली."

ते हसले. म्हणाले, "उद्यापासून माझ्याकडे ये. मी लिहीन, तू धरून ठेव."

साहेबांचे कार्यालय म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबले, एक लोखंडी कपाट आणि खालून दिवसभर शिवणयंत्राचा आवाज. तिथे एक वृद्ध कारकून होते. समोर आलेल्या प्रत्येक कागदाला टाचणी लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून त्यांना सगळे टाचणीकाका म्हणत. आज ते आपल्यात नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितले, "इथं दोनच गोष्टी सांभाळायच्या. साहेबांचं पेन आणि साहेबांचा शब्द. त्यातलं पेन काही हरवत नाही, ते कायम त्यांच्या खिशात असतं."

"आणि शब्द?"

"त्यासाठी तर तुला आणलंय."

ते पेन आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. जांभळी शाई. साहेबांनी दुरुस्त केलेला कागद लांबून ओळखू यायचा. माझा प्रत्येक कागद त्यांच्या जांभळ्या शाईखालून जायचा आणि जिथे दुरुस्ती असेल तिथे कडेला त्यांची आद्याक्षरे यायची. सहीशिवाय कार्यालयातून एकही कागद बाहेर पाठवायचा नाही, हा नियम. साहेब मला म्हणायचे, "बाळा, भाषणात चार शब्द गळाले तरी कुणाचं काही जात नाही. कायद्यात काना-मात्रा गळून चालत नाही. कायद्यात माणसं काना-मात्रेवर राहतात."

हे वाक्य मी कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवले होते. अजून तिथेच आहे.

सहा वर्षांपूर्वी जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीचे विधेयक आले. जुनी इमारत पाडायची, तिथे नवी बांधायची आणि जुन्या रहिवाशांना तिच्यात घर द्यायचे. प्रश्न एवढाच होता की जुना रहिवासी म्हणजे कोण. सरकारच्या मसुद्यात लिहिले होते, ज्याच्याकडे भाडेपावती आहे तो. आता आमच्या गल्लीत चौसष्ट खोल्या. त्यातल्या तेवीस खोल्यांना मालक पावती द्यायचा. बाकी एकेचाळीस खोल्यांत माणसे तीस-तीस वर्षे राहत होती, पण मालकाने त्यांच्या हातावर कधी कपटा ठेवला नाही. त्यांच्याकडे एकच कागद होता, नगरपालिकेने सगळ्याच खोल्यांना दिलेला पाणीजोडणीचा दाखला. आमच्याकडेही तोच होता. आईने तो गादीखाली सपाट करून ठेवला होता.

साहेबांनी दुरुस्ती सुचवायची ठरवली. त्यांनी सांगितले, मी टंकलिखित केले: 'ज्या रहिवाशाकडे भाडेपावती वा पाणीजोडणीचा दाखला असेल, तो पात्र समजला जाईल.' वा. व ला काना वा. म्हणजे दोहोंपैकी एक कागद पुरे. काना नसेल तर तो 'व' होतो, म्हणजे दोन्ही कागद हवेत. ती ओळ मी तीनदा वाचली. मग साहेबांना मोठ्याने वाचून दाखवली आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्या दिवशी आमच्या गल्लीत प्रत्येक घरी मी ही ओळ सांगत फिरलो. कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारे दादा म्हणाले, "एवढ्याशा रेघेवर घर मिळणार होय रे आम्हाला? मग जरा जाड काढ की."

दुरुस्ती मंजूर झाली. विरोधी बाकावरची सूचना सरकारने स्वीकारली, हे नवल होते. त्याच दिवशी साहेबांची दुसरी सूचनाही स्वीकारली गेली. प्रभागसभेच्या मान्यतेवाचून एकही इमारत पाडता येणार नाही, ही ती सूचना. साहेब पहिल्या दिवसापासून जे मागत होते ते हेच. आम्ही शिंप्याच्या दुकानासमोर उभे राहून टाळ्या वाजवल्या.

तीन आठवड्यांनी कायद्याची छापील प्रत आली. मी वाचायला बसलो. आपली ओळ सापडली. तिच्यात काना नव्हता.

'भाडेपावती व पाणीजोडणीचा दाखला.'

मी टाचणीकाकांना प्रत दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "तू काय टंकलं होतंस?"

"वा."

"खात्री?"

"खात्री."

"आपली प्रत काढ."

लोखंडी कपाटात आमची प्रत सापडली नाही. टाचणी होती, कागद नव्हता. संगणकावर पाहिले, तर तिथेही फाईल नव्हती. मी साहेबांसमोर प्रत ठेवली. त्यांनी ती ओळ वाचली, प्रत मिटली. म्हणाले, "बघू."

त्यानंतरच्या रविवारी गल्लीतल्या नळापाशी सभा झाली. इथे बसलेल्या पुष्कळ जणांना ती आठवत असेल. साहेब मध्ये उभे होते, मी त्यांच्या मागे. माझी आई सगळ्यात पुढे होती. हातात दाखला होता. तिने विचारले, "साहेब, हा कागद चालणार होता ना?"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "चूक आमच्या कार्यालयाची आहे. टंकताना एक काना राहून गेला. कायदा झाला, आता इलाज नाही. पण पोरगं गुणी आहे, दिवसभर राबतं. त्याला कुणी काही बोलू नका. तुमच्यातलाच आहे. पोटात घाला."

काय मोठा माणूस, असे लोक म्हणाले. एवढी चूक होऊनही पोराला कामावरून काढले नाही. मलाही तसेच वाटले. मला खरेच वाटले, की चूक माझीच. प्रत सापडत नाही, फाईल सापडत नाही आणि साहेब खोटे बोलत नाहीत. मग उरलो कोण? मी सगळ्यांसमोर हात जोडले आणि क्षमा मागितली. एकेचाळीस घरांतल्या प्रत्येक माणसाची वेगळी मागितली, दोन दिवस लागले.

आईने मला फक्त एक वाक्य विचारले. म्हणाली, "अक्षर तर तुझं चांगलं होतं रे." त्यानंतर सहा वर्षांत ती या विषयावर बोललेली नाही. गावाबाहेर शेवटच्या थांब्याच्याही पुढे आम्हाला भाड्याची खोली मिळाली. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी मोजून घड्या घालते. कामाला जायला दोन बस, यायला दोन बस.

अध्यक्षमहोदयांकडून चिठ्ठी आली आहे. 'कृपया आवरते घ्यावे.' 'कृ' बरोबर लिहिला आहे, आभारी आहे. आवरतो. पण इथवर आल्यावर मधेच थांबलो तर पुन्हा एक शब्द गाळल्यासारखे होईल.

त्यानंतर मला काना हे नाव पडले. सायकलवाले दादा नवी पाटी रंगवली की मला बोलावत. "ये रे काना, 'दुरुस्ती' बरोबर लिहिलंय का बघ. आणि बघून झालं की तोंड उघडून दाखव, एखादा काना खाल्ला तर नाहीस ना?" दादा समोरच बसले आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. घर गेलेल्या माणसाला निदान टोमण्याचा तरी हक्क असतो. मी मात्र बदललो. एकदा वाचायचो तिथे तीनदा वाचायला लागलो. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, बसच्या मागचे मजकूर, सगळीकडे मला गळालेले काने दिसायचे. कुलूप लावून गेल्यावर माणूस परत येऊन ओढून पाहतो, तसा मी पाठवलेला कागद मनात परत परत उघडायचो.

आता स्मरणिकेकडे येतो. सत्कार समितीने ती जुळवण्याचे काम माझ्यावर सोपवले. साहेबांचा जीवनपट समितीनेच लिहून दिला होता, मी फक्त मुद्रित तपासायचे होते. पान अकरा, ओळ सहा आणि सात, जसे आहे तसे वाचतो: 'टंकलेखकाच्या अनवधानाने एक काना गळाला व एकेचाळीस कुटुंबे घरांना मुकली, तरीही साहेबांनी त्या तरुणाला मोठ्या मनाने क्षमा केली.'

मी ते वाक्य तीनदा तपासले. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे. स्वल्पविराम योग्य जागी आहे. एकही चूक नाही. मी 'छापण्यास योग्य' असे लिहून खाली सही केली. पहिली चोवीस पाने छापून झाली.

पुढच्या पानांत साहेबांच्या दुरुस्त्यांचे मूळ मजकूर द्यायचे होते. आमची प्रत नव्हती, म्हणून मी सभागृहाच्या अभिलेख कक्षात गेलो. तिथल्या बाई कामाच्या नेटक्या आहेत. त्यांनी सहा वर्षांपूर्वीची नस्ती, म्हणजे त्या विधेयकाच्या कागदांची फाईल, काढून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "इथंच बसून उतरवून घ्या. बोट ओलं करून पान उलटू नका."

पहिल्याच पानावर माझा कागद होता. माझा, कारण परिच्छेदाच्या सुरुवातीला मी नेहमी पाच जागा सोडतो. त्यात लिहिले होते 'वा'. आणि त्या कान्यावर एक आडवी रेघ होती. जांभळी. कडेला साहेबांची आद्याक्षरे, जांभळी. खाली तारीख आणि वेळ, विधेयकावरच्या मतदानाच्या दिवशीची.

आई, मी 'वा' लिहिला होता. अक्षर चांगलंच होतं.

हे मी तिला अजून घरी सांगितलेले नाही. तिला आत्ता कळते आहे, तुमच्याबरोबर. चूक माझ्यावर चारचौघांत आली होती. ती उतरायचीही तशीच, असे मला वाटले. यात मी कोणाचा अपमान करतो आहे का? मला तसे करायचे नाही. म्हणूनच गेल्या गुरुवारी मी त्या पानाची प्रत घेऊन आधी साहेबांकडे गेलो.

वहिनींनी चहा दिला. साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "सापडलं का तुला."

मी म्हणालो, "तुम्ही खोडलात?"

"मतदानाची घंटा वाजत होती. मंत्री सभागृहाबाहेरच्या मार्गिकेत भेटले. म्हणाले, 'वा' ठेवलात तर घरं वाढतात, मला जमणार नाही, तुमच्या दोन्ही सूचना पडतील. 'व' करा, दोन्ही घेतो. प्रभागसभेचं कलम त्यातच होतं. पेन खिशात होतं. काय करणार होतो मी?"

"आणि आपली प्रत?"

"ती मीच काढली. संगणकावरची फाईलही."

"गल्लीत तसं सांगायचं होतं."

"सांगायलाच आलो होतो. पण तुझी आई तो कागद घेऊन समोर उभी राहिली. तोंडातून वेगळंच निघून गेलं."

मग ते जे म्हणाले, ते ऐकून मी चहा तसाच ठेवून उठलो. ते म्हणाले, "मला तर इतकी वर्षं वाटत होतं, की तुला ठाऊक आहे. तुझ्यासारखा माणूस असा काना विसरणार नाही. माझ्यासाठी तू गप्प बसलायस, असंच मी धरून चाललो."

माननीय सभाजन, मला इथे एवढेच विचारायचे आहे. एखाद्याने आपले ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावे, हे होते. घाईत होते. पण त्याने ते खुशीने उचलले आहे, असे सहा वर्षे मानून निवांत झोपावे, हे कसे जमते? साहेबांनी स्वतःची चूक माझ्या पदरात टाकली आणि मी न केलेली चूक आपल्या पोटात घातली. लोकांनी दोन्हीसाठी त्यांचेच कौतुक केले.

ते कलम लहान आहे, असे मी म्हणणार नाही. प्रभागसभेच्या कलमामुळे दुसऱ्या कितीतरी गावांत रातोरात पाडली जाणारी घरे वाचली. तिथून येणारी पत्रे मीच उघडतो, मला ठाऊक आहे. कदाचित मार्गिकेत मी असतो तर मीही रेघ मारली असती. कदाचित गल्लीला आधी विचारले असते तर गल्लीनेही 'मारा' म्हटले असते. आमची माणसे तेवढी वाईट नाहीत. पण कोणी विचारले नाही. मी तर साहेबांपासून हाताच्या अंतरावर बसत होतो.

गुरुवारी निघताना साहेब म्हणाले, "समारंभात बोलणार आहेस ना? लिहून आण, मला आधी दाखव." हे भाषण मी त्यांना दाखवलेले नाही. नऊ वर्षांत त्यांच्या नजरेखालून न गेलेला माझा हा पहिला कागद. त्यावर जांभळी शाई नाही. 

मी घर मागत नाही. ते आता मिळणार नाही. नव्या इमारतीत जे राहतात त्यांच्या घरांवर माझा डोळा नाही, तुमच्या खिडकीतल्या कुंड्या चांगल्या दिसतात. कायद्याचा शब्द बदलणेही माझ्या हातात नाही. माझे काम छापलेले दुरुस्त करण्याचे आहे. छापलेले पान परत छापता येत नाही, तेव्हा आमच्या धंद्यात एकच उपाय असतो. शुद्धिपत्र. या शब्दात 'द्धि' ऱ्हस्व असतो. एकटी शुद्धी लिहिताना दीर्घ. पुस्तकात ठेवायची ही एवढीशी पट्टी. त्यावर लिहिले आहे: 'पान अकरा, ओळ सहा. "टंकलेखकाच्या अनवधानाने" याऐवजी "माझ्या संमतीने" असे वाचावे.' खाली सहीची जागा सोडली आहे.

सातव्या ओळीतल्या क्षमेचे काय करावे ते मला सुचले नाही. ती तशीच ठेवली आहे.

स्मरणिकांचे गठ्ठे दाराशी रचून ठेवले आहेत. पट्ट्या माझ्या पिशवीत आहेत, तीनशे. मूळ पट्टीवर सही झाली तर जाताना प्रत्येकाच्या प्रतीत एक ठेवून देईन. नाही झाली तर स्मरणिका आहेत तशाच वाटल्या जातील. पिशवीतले काही मी परस्पर वाटणार नाही. साहेबांच्या सहीशिवाय एकही कागद बाहेर पाठवायचा नाही, हा नियम त्यांनीच मला शिकवला, आणि तो मी आजही मोडणार नाही.

साहेब, तुम्ही मला छापखान्यातून उचलून शब्दांच्या कामाला लावलेत, हे मी विसरलेलो नाही. चारशे बारा प्रश्नांत तुम्ही एकदाही पायऱ्यांचा आकडा चुकवला नाहीत. हा चारशे तेरावा प्रश्न समजा. माहिती घेऊन पटलावर ठेवण्याची गरज नाही, माहिती तुमच्याकडेच आहे.

आता आवरतो. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचा, उठून न जाता शेवटपर्यंत ऐकून घेतल्याबद्दल माजी मंत्र्यांचा, आणि गुरुवारी कप भरलेलाच परत गेला तरी आज माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवल्याबद्दल वहिनींचा मी आभारी आहे. सायकलवाल्या दादांनी आज मला एकदाही हाक मारलेली नाही, त्यांचेही आभार. बोलण्याची सवय नसल्याने उच्चारात, मान देण्यात किंवा वेळेच्या बाबतीत माझ्याकडून काही उणे राहिले असेल, तर सभेने मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे. लिहिण्यातल्या चुकीची क्षमा मात्र मी आज मागत नाही. ती मागून झाली आहे, आणि मला मिळालीही आहे.

पट्टी साहेबांच्या समोर ठेवतो. पेन त्यांच्या खिशात आहे. ते कधी हरवत नाही.